बंद बॅटरी आणि उघड्या खिडक्या : विनियम क्रमांक १०० मधील हायड्रोजन-प्रकरणाचे परीक्षण

हायब्रिड मोटारीच्या बॅटरीतून निघणारे वायू सुरक्षितपणे बाहेर कसे सोडावेत या प्रश्नाचा विचार करणारा अभ्यासक आज ना उद्या संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम क्रमांक १०० पाशी येऊन पोचतो. विद्युत्‌शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या सुरक्षिततेविषयीचा हा विनियम अनेक देशांनी स्वीकारलेला असून आपल्याकडील एआयएस-०३८ या मानकाची बांधणीही बऱ्याच अंशी त्याच वळणाची आहे. म्हणून त्यातील हायड्रोजनविषयक प्रकरण बारकाईने वाचणे अगत्याचे ठरते. आमच्या मते हे प्रकरण मापनाच्या दृष्टीने नीटनेटके आहे. परंतु ज्या वाहनाला ते आज लावले जाते ते वाहन मुळात त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. किती वायू निघतो, हे ते विचारते. तो कोठे जातो, हे विचारण्याचे मात्र ते बव्हंशी टाळते.

हा विनियम १९९६ मध्ये अमलात आला तेव्हा तो केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांपुरता होता आणि हायड्रोजनच्या उत्सर्जनाचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच होता. पाणी घालावे लागणारी शिसे-आम्ल बॅटरी आणि रात्रभर चार्ज होत उभे असलेले वाहन, असे त्यामागचे चित्र दिसते. अशी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही प्रवाह चालू राहिला तर पाण्याचे विघटन होते आणि दर अँपिअर-तासाला प्रत्येक घटातून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. बंद पडवीत तो साठला तर धोका, हे उघड आहे. पुढे २०१० च्या सुधारणेने विनियमाची व्याप्ती वाढली व हायब्रिड वाहने त्यात आली. हायड्रोजनच्या प्रकरणाची घडण मात्र मूळचीच राहिली.

आता त्यातील आकडे पाहू. नेहमीच्या पद्धतीने चार्ज करताना ५ तासांत १२५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि चार्जर बिघडलेला असताना ४२ ग्रॅमपेक्षा कमी हायड्रोजन निघावा, अशी मर्यादा आहे; शिवाय हा बिघाड ३० मिनिटांपलीकडे चालू राहू नये, अशी अट गाडीतील चार्जरवर घातली आहे. ४२ ग्रॅम ही मात्रा वाचताना क्षुल्लक वाटते. परंतु सामान्य तापमानाला ती सुमारे ५०० लिटर भरते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण ज्वालाग्राही होते. मोटारीच्या अंतर्भागात ३ घनमीटर हवा आहे असे धरले, तर ही सीमा गाठण्यास १२० लिटर, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम हायड्रोजन पुरेसा आहे. विनियमाने बिघाडात क्षम्य मानलेली मात्रा याच्या चौपट आहे. मोकळ्या आवारात अथवा हवेशीर पडवीत ती निरुपद्रवी असेल, हे आम्हांस मान्य आहे. हायड्रोजन हवेहून सुमारे चौदापट हलका असल्यामुळे तो झपाट्याने वर जातो व विरतो. आक्षेप आकड्यावर नाही, त्या आकड्याला जागेचा संदर्भ नाही यावर आहे.

हा अभाव चाचणीच्या पद्धतीत अधिकच स्पष्ट होतो. वाहन मापनकक्षात आणून उभे करावे आणि त्याच्या खिडक्या व सामानाचा कप्पा उघडा ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. एकूण उत्सर्जन मोजायचे असेल तर हे योग्यच, कारण गाडीत अडकलेला वायू मोजणीतून सुटता कामा नये. पण प्रवासी खिडक्या लावून बसतो. जी स्थिती खरोखर धोक्याची, नेमकी तीच चाचणीतून वगळली गेली. बॅटरीच्या जागेसाठी पंखा अथवा वायुमार्ग असावा, असे विनियम एका कलमात म्हणतो खरा, परंतु त्या मार्गाने वायू बाहेरच जातो ना, हे पाहण्याची रीत तो देत नाही.

दुसरा दोष शब्दाचा आहे. ही चाचणी फक्त 'उघड्या' प्रकारच्या बॅटरीला लागू होते; 'बंद' बॅटरी असेल तर ती करावी लागत नाही. परंतु बंद बॅटरीलाही झडप असते, आणि झडप उघडण्यासाठीच बसवलेली असते. निकेल-मेटल हायड्राइड घटात चार्जच्या अखेरीस धन पट्टीवर निघणारा ऑक्सिजन ऋण पट्टीवर पुन्हा सामावला जातो; अतिभार फार झाला की हा समतोल ढळतो, दाब वाढतो व झडपेतून हायड्रोजन सुटतो. टोयोटा प्रियसच्या रचनाकारांनी हे गृहीत धरले होते. आपत्कालीन पथकांसाठी कंपनीने काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की प्रत्येक मॉड्यूलला जोडलेल्या नळीवाटे हा वायू थेट गाडीबाहेर जातो. विनियम जेथे मुका आहे तेथे अभियंता बोलला, असे म्हणावे लागते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण आमचे विद्यार्थीही तो नेहमी करतात. प्रियसमध्ये मागच्या आसनाच्या बाजूला एक जाळी असते. तिच्यातून पंखा गाडीतील हवा ओढून घेतो व बॅटरी थंड ठेवतो. ती जाळी म्हणजे वायू सोडण्याचा मार्ग नव्हे. शीतलनाची हवा आणि झडपेतला वायू यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या आहेत यातच त्या रचनेचे शहाणपण आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की जी बॅटरी खरोखर शिसे-आम्ल वर्गातली आहे ती विनियमाच्या कक्षेबाहेर राहते. इंजिन सुरू करणे, दिवे लावणे अशा कामांसाठीच्या बॅटऱ्या त्याने वगळल्या आहेत. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये १२ व्होल्टची बॅटरी मागच्या सामानाच्या कप्प्यात, म्हणजे प्रवाशांच्याच हवेत असते. ती झडप-नियंत्रित असून तिला बाहेर जाणारी नळी जोडलेली असते. बदलताना कोणी साधी बॅटरी बसवली, किंवा नळी जोडायची राहिली, तर काय होईल? तिच्यात सहा घट असतात. अतिचार्जचा प्रवाह १ अँपिअर असला तर ताशी सुमारे २.५ लिटर हायड्रोजन निघेल. साऱ्या गाडीच्या मानाने हे थोडे आहे. परंतु बॅटरीभोवतीची कोंदट पोकळी ५० लिटरची धरली तर तेथे ४ टक्क्यांसाठी २ लिटर पुरतात, आणि त्यांना तासही लागत नाही. सरासरीच्या हिशेबात असा कोपरा दिसत नाही.

न्यायाने सांगायचे तर विनियमाच्या २०२१ च्या सुधारणेत प्रवाशांना बॅटरीच्या वायूंपासून अपाय होऊ नये असे सरळ सांगितले आहे. पण लगेच पुढे, ज्यांची रासायनिक क्रिया बंदिस्त आहे त्या बॅटऱ्या नेहमीच्या वापरात उत्सर्जनरहित समजाव्यात, अशी मोकळीकही दिली आहे. लिथियम-आयन घट तापून अनावर झाला की त्यातून हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन वायू वेगाने बाहेर पडतात. तेथे ४ टक्क्यांची कसोटी अपुरी आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड पेटण्याच्या कितीतरी आधी विषारी ठरतो. आणि हायड्रोजनसाठी योजलेली बारीक नळीही अपुरी आहे. यावर सुधारणेने योजलेला उपाय म्हणजे प्रवाशांना धोक्याच्या निदान ५ मिनिटे आधी इशारा. उतरून जाण्यास तो उपयोगी आहे. वायूच्या वाटेबद्दल तो काही सांगत नाही. बोइंग ७८७ विमानांची उड्डाणे जानेवारी २०१३ मध्ये थांबवल्यावर जी दुरुस्ती मान्य झाली, तिच्यात पोलादी पेटी आणि तिच्यातून थेट विमानाबाहेर जाणारी नळी होती. तेथे वाट आखल्यावाचून गत्यंतर नव्हते.

मोटारीसाठी असे काही अवघड नाही. मापनकक्ष आहे, वायुमापक आहे. खिडक्या लावून, एकदा नळी जोडलेली व एकदा निखळलेली ठेवून, छताजवळ आणि बॅटरीच्या कोपऱ्यात अशा दोन ठिकाणी प्रमाण मोजावे. आणि १२ व्होल्टची बॅटरी आत बसवलेली असेल तर तीही या मोजणीत धरावी.