‘प्रचंड’ म्हणजे नेमके केवढे?

वऱ्हाडातल्या विज्ञान प्रदर्शनात लोणारच्या विवराचा तक्ता नाही, असे सहसा होत नाही. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाताना आम्ही असे कितीतरी तक्ते पाहिले. सुबक अक्षर, रंगीत खडूने काढलेले सरोवर आणि खाली ठरलेले वाक्य : ‘लाखो वर्षांपूर्वी एक महाकाय उल्का प्रचंड वेगाने आदळून हे अजस्र विवर निर्माण झाले.’

एकदा नववीतल्या एका मुलाला आम्ही विचारले, “उल्का केवढी होती?”

“महाकाय, सर.”

“म्हणजे तुमच्या शाळेपेक्षा मोठी की लहान?”

मुलगा गोंधळला. शेजारी उभ्या असलेल्या बाईही गोंधळल्या. तक्त्यावरच्या एकाही शब्दात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दोष मुलाचा नव्हता. पाठ्येतर पुस्तके, वर्तमानपत्रे आणि आमच्यासारखे व्याख्याते हेच वाक्य वर्षानुवर्षे वापरत आले आहेत.

हे शब्द जरा तपासून पाहू. ‘प्रचंड’मधला ‘चंड’ म्हणजे उग्र. ‘अक्राळविक्राळ’ म्हणजे भीती वाटावी असे. ‘अजस्र’ हा शब्द संस्कृतात ‘अखंड, न थांबणारे’ या अर्थाचा. मराठीत येऊन तो आकारमानाला चिकटला. म्हणजे हे शब्द पाहणाऱ्याला काय वाटले ते सांगतात, वस्तू केवढी ते सांगत नाहीत. कीर्तनात, कादंबरीत ते शोभतात आणि तेथे आमची काहीच तक्रार नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र त्यांच्यामुळे एक नुकसान होते, आणि ते फार कोणाच्या लक्षात येत नाही.

लोणारचेच पाहा. जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्केला अशनी म्हणतात. लोणारच्या अशनीचा व्यास सुमारे ६० मीटर असावा, असा एक अंदाज आहे. साठ मीटर म्हणजे शाळेच्या बऱ्यापैकी मैदानात मावेल एवढा दगड. विवराचा व्यास मात्र सुमारे १.८ किलोमीटर आहे, म्हणजे अशनीच्या तीसपट. हे दोन आकडे सांगितल्यावर त्याच मुलाने लगेच विचारले, “मग एवढा मोठा खड्डा कसा पडला?” शिकवायचे होते ते इथून सुरू होते. ‘महाकाय’ अशनीने ‘प्रचंड’ खड्डा पाडला, यात विचारण्यासारखे काही उरतच नाही. विशेषणाने प्रश्नच गिळून टाकलेला असतो.

उत्तर वेगात आहे. अशा अशनीचा वेग सेकंदाला १८ किलोमीटरच्या आसपास धरतात. अकोला ते अमरावती हे सरळ रेषेतले ऐंशीएक किलोमीटर अंतर तो चार-पाच सेकंदांत कापील. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे या वेगाच्या एक किलोग्रॅम दगडात एक किलोग्रॅम टीएनटी स्फोटकाच्या जवळजवळ चाळीसपट ऊर्जा असते. आदळताक्षणी ती मोकळी होते आणि खड्डा पडतो तो या स्फोटाने. दगड जमिनीत घुसला म्हणून तेवढाच खड्डा पडला, असे नव्हे.

दुसरी खोड अभिमानाची. लोणार हे ‘जगातले तिसरे मोठे विवर’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. मेक्सिकोतील चिक्शुलुब विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे अकोला-अमरावती अंतराच्या दुपटीहून अधिक. आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातले ढाला विवर लोणारच्या कितीतरी पट मोठे आहे. लोणारचे खरे वैशिष्ट्य असे, की ते बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या थरांत पडले आणि चांगले टिकून राहिले. चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला म्हणूनच ते अभ्यासकांना मोलाचे वाटते. ‘तिसरे मोठे’ म्हटले की हे सांगायचे राहून जाते.

मग मोठेपणा सांगायचा कसा? इंग्रजीवरून केलेल्या पुस्तकांत आयफेल टॉवर, दुमजली बस, फुटबॉलचे मैदान अशा तुलना असतात. दर्यापूरच्या मुलाने दुमजली बस कोठे पाहावी? तुलनेची वस्तू ऐकणाऱ्याच्या पायाखालची हवी. अमरावतीच्या जुन्या शहराभोवतीच्या परकोटाचा घेर इंग्रजी अमदानीतल्या नोंदींप्रमाणे सव्वादोन मैल, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक, आणि उंची २० ते २६ फूट. लोणारच्या कडेचा घेर पावणेसहा किलोमीटर भरतो. जवाहर गेटपासून नागपुरी गेटपर्यंत चालत गेलेल्या मुलाला सांगावे, की परकोटासकट सारे जुने शहर त्या विवरात सहज मावेल आणि भोवती जागा उरेल. तळ गाठायला परकोटाच्या वीसएक भिंती एकीवर एक रचाव्या लागतील. खेड्यातल्या मुलाला हीच खोली परसात सांगावी. आपल्याकडे विहिरीची खोली जुनी माणसे परसात मोजत. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. लोणारची खोली साठ-सत्तर परस होईल.

अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावरच्या तोफेला लोक ‘नऊगजी’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने तिला ‘महाकाय तोफ’ म्हटले नाही याचे आम्हाला कौतुक वाटते. नावातच माप असल्यामुळे सहलीला नेलेल्या मुलांना टेप देऊन नाव खरे की खोटे ते तपासायला सांगता येते.

काही विशेषणे शास्त्रात परिभाषा म्हणून रूढ झाली आहेत, ती टाकता येणार नाहीत. ‘तांबडा राक्षसी तारा’ आणि ‘श्वेत बटू’ या जोडीला नेमका अर्थ आहे. पण हा ‘बटू’ आकाराने साधारण पृथ्वीएवढा असतो, हे सांगितले नाही तर मुले त्याला चेंडूएवढा समजतात.

संख्यावाचक नावांनीही फार मदत होत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. ती पाठ म्हणणारी मुले आम्ही पाहिली आहेत. (त्यांत ‘अंत्य’ नावाच्या स्थानानंतर आणखी दोन स्थाने येतात, याची गंमत मात्र कोणाच्या ध्यानात आलेली दिसली नाही.) नाव पाठ झाले म्हणजे संख्या कळली, असे नाही.

आमची पद्धतही एका टप्प्यावर अडते. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. इथे परकोट आणि परस कामाचे नाहीत. ताशी १०० किलोमीटर वेगाने न थांबता धावणाऱ्या आगगाडीला हे अंतर कापायला एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल, असे आम्ही सांगतो. वर्ग स्तब्ध होतो. पण एक कोटी वर्षे तरी कोणाला कळली? अवघडपणा अंतरातून काढून काळात ठेवला, एवढेच. याहून बरे साधन आम्हाला अजून सापडलेले नाही. वाचक शिक्षकांपैकी कोणी वर्गात काही वेगळे करून पाहिले असेल, तर त्यांनी जरूर लिहून कळवावे.