ज्वारी, जीवाणू आणि एक घाईचा निष्कर्ष

बुर्किना फासोतील एका खेड्यातली १४ आणि फ्लॉरेन्स शहरातली १५ मुले यांच्या आतड्यांतील जीवाणूंची तुलना दे फिलिप्पो व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. ज्वारी-बाजरी व कडधान्ये खाणाऱ्या खेड्यातील मुलांत तंतुमय पदार्थ पचवणारे प्रेव्होटेला जीवाणू विपुल होते. इटालियन मुलांत ते आढळलेच नाहीत. स्वच्छता, हवामान, वंश यांपेक्षा आहाराचा वाटा मोठा, असा लेखकांचा निष्कर्ष. आम्हाला तो घाईचा वाटतो. पाणी, माती, अंगावर पिण्याचा काळ, सारेच वेगळे असताना २९ मुलांवरून एक कारण निवडायचे कसे? वर्गात असा प्रयोग आपण मान्य करू का?

नंदुरबारात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात भाकरी रोजचीच, आणि कुपोषणही आहे. ढाक्यातील तीव्र कुपोषित मुलांचे जीवाणू वयाच्या मानाने अपरिपक्व असल्याचे २०१४ साली दिसले. उपचारासाठी दिलेल्या आहाराने ते सुधारले, पण सुधारणा टिकली नाही.

म्हणून 'आदिवासी आहार म्हणजे उत्तम जीवाणू' हे आम्ही इतक्यात मानणार नाही. आधी एकाच पाड्यातली, एकाच विहिरीचे पाणी पिणारी, पण वेगवेगळे जेवणारी मुले तपासायला हवीत. आश्रमशाळेतली मुले सुटीत घरी जातात तेव्हा जेवण बदलते खरे. पण पाणीही बदलते.