काळ्या मातीवरची हिरवळ

लग्नाला गेलेला माणूस हिरवळीवर खुर्ची ओढतो, जेवतो आणि निघतो. हिरवळीकडे बघत कुणीच नाही. तेलंगणातल्या भैंसा गावात मात्र ती बघण्यासारखी असते, कारण इथे ती टिकणंच मुश्किल. जमीन कापसाची, काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गिऱ्हाईक त्याहून अवघड: फंक्शन हॉलवाल्याला हिरवा गालिचा हवा तो ऐन मे महिन्यातल्या मुहूर्ताला. अशा गावात लॉन राखण्याचा धंदा मांडणाऱ्यासमोर नर्सरीवाले आहेत, रोजावर येणारे माळी आहेत आणि आता प्लास्टिकचं गवतही आहे. या गर्दीत कसबी हात ओळखायचा कसा?

आधी उतार बघावा. कच्चा कारागीर काळ्या मातीवरच गवताच्या गाद्या अंथरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात मधोमध डबकं साचतं. जाणता माणूस फूटभर काळी माती उचलतो, खाली मुरूम टाकतो, वर लाल माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत. शेणखत पूर्ण कुजलेलं, नाहीतर त्याच्याबरोबर तणाचं बीही पेरलं जातं. मग शंभर फुटांत फूट-सव्वा फूट एवढाच उतार काढतो. जेवायला बसलेल्याला तो कळत नाही, पाण्याला मात्र कळतो. सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते, आणि ती दिसतच नाही.

मग गवताची निवड. कापसाच्या रानात ज्या हराळीच्या काशा वेचता वेचता शेतकऱ्याची कंबर मोडते, तिच्याच कुळातलं ‘सिलेक्शन नंबर वन’ इथे पैसे मोजून लावतात. नर्सरीवाला बहुधा ‘मेक्सिकन’ पुढे करतो. दिसायला ते गुबगुबीत, पण वाढ मंद. मांडवाच्या खुंटाने पडलेली जखम भरायला फार वेळ घेतं. हराळीचं कूळ ऊन पचवतं, तुडवलं तरी धावऱ्या सोडत पुन्हा सांधतं. तिची एक खोड: थंडीत ती झोपते, आणि आदिलाबादचा हा पट्टा तेलंगणातला सर्वांत थंड. डिसेंबरातल्या लग्नाला ती पिवळसर दिसणार, हे गिऱ्हाइकाला दिवाळीआधीच सांगून ठेवणारा माणूस मला गवत जाणणारा वाटतो.

आता गुडघे टेकून पात्याचं टोक बघा. टोक पांढरट, फाटलेलं दिसलं तर नायलॉनच्या दोरीच्या ग्रासकटरने झोडपलंय किंवा मशीनचं पातं बोथट आहे. सरळ कापलेलं टोक हिरवंच राहतं. गवत कापण्याचं यंत्र इंग्लंडच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये काढलं, तेही कापड गिरणीतल्या यंत्रावरून. तिथे लोकरी कापडावरची लव भादरणारं फिरतं पातं त्याने पाहिलं होतं. कापूस जिनिंगच्या या गावाने या यंत्रावर थोडा जास्तच हक्क सांगायला हरकत नाही! नियम असा की एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. मुहूर्त जवळ आला म्हणून वाढलेलं गवत एका दमात खाली आणलं की उघडे पडतात ते पिवळे देठ. उन्हाळ्यात तर कसबी माणूस पातं उलट वर चढवतो. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं. मालक विचारतो, ‘अजून बारीक का नाही केलं?’ त्याला नाही म्हणता येणं हाही कसबाचाच भाग.

कडांबद्दल फार बोलायला नको. फरशीलगतची रेघ कोरलेली आहे की नाही, ते लांबूनच दिसतं. लव्हाळ्याकडे मात्र थांबावं. वरून उपटला तर जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. खुरपं खोल घालून गाठ अख्खी काढायची, बाजूची हराळी न दुखवता. हे काम ज्यांच्या हाताला कापसाच्या निंदणीची सवय आहे, त्या बायांइतकं सफाईने दुसरं कुणी करत नाही. त्यांना चार पैसे जास्त देऊन वर्षभर धरून ठेवणारा धंदेवाला अर्धी स्पर्धा तिथेच जिंकतो.

उरलेली अर्धी करारात असते. लॉन लावून पैसे घेऊन जाणारे पुष्कळ; महिन्याच्या करारावर ते राखणारे थोडे. चांगल्या करारात पाण्याचा हिशेब आधी असतो: एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर गुंठ्याला पाचशे लिटर, दहा गुंठ्यांना पाच हजार लिटरचा एक टँकर. बोअरला एवढं पाणी नसेल तर लॉन लहान करा, असं लिहून देणारा मोठं काम गमावतो आणि नाव कमावतो. मग अटी: दुसऱ्या दिवशी सतरंज्या उचलायच्या, आचाऱ्याची भट्टी गवतावर लावायची नाही, दाट कडुनिंबाखालच्या जागेत गवताऐवजी फरशी. शेवटची अट वाचून मी मनातल्या मनात दाद देतो, कारण सावलीत हराळी जगत नाही हे ठाऊक असूनही तिथे गाद्या विकणारे असतातच. प्लास्टिकच्या गवताशीही भांडायला नको. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवून दाखवला की पुरे.

तेव्हा हॉल ठरवायला जाल तर मुहूर्ताच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळीच लॉन हिरवी असतात. लग्न उरकून दोन दिवस झाले की जा, आणि मांडवाचे खुंट होते तिथलं गवत बघा.