देवानंदेला कुणी विचारलं?

पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन असतं, तेव्हा त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचा दिवस कुणी चुकवत नाही. चांदीची स्वप्नं उतरतात, बोल्या लागतात, पाळणा हलतो. पण ही चौदा स्वप्नं आधी देवानंदेला पडली होती, ही गोष्ट आपण भराभर पुढे सरकवतो. ब्याऐंशी रात्री ते बाळ तिच्या पोटात होतं. मग शक्रेंद्राच्या आज्ञेने हरिणैगमेषी आला, त्याने तिला गाढ झोपवलं आणि गर्भ उचलून त्रिशलेच्या कुशीत ठेवला. देवानंदेला झोपेत एवढंच दिसलं, की आपली स्वप्नं त्रिशला घेऊन चालली आहे.

दिगंबर मैत्रिणींना ही कथा मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती निव्वळ वाङ्मय म्हणून वाचली तरी चालेल. कारण मला इथे धर्मचर्चा करायची नाही. मला एक कायदा वाचायचा आहे, आणि तो वाचताना ही झोपलेली बाई सारखी मधे येते.

2015 चा बाल न्याय कायदा घ्या. त्याचं कलम 63 म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. दत्तकाचा आदेश ज्या तारखेला लागू होतो, त्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापांचं होतं, जणू ते त्यांच्याच पोटी जन्मलं आहे. जन्मघराशी असलेले सगळे संबंध त्याच दिवशी तुटतात आणि त्यांच्या जागी नव्या घराचे संबंध येतात. मुलाच्या नावावर आधीच झालेली मालमत्ता मात्र त्याचीच राहते आणि त्या मालमत्तेबरोबर आलेली जबाबदारीही, म्हणजे जन्मघरातल्या कुणाला पोसायचं असेल तर तेसुद्धा, त्याच्याकडेच राहते.

कायदा म्हणून हे वाक्य मला आवडतं, हे आधी सांगून टाकते. ‘जणू’ या शब्दात मोठी माया आहे. दत्तक मुलाला कुणी भाऊबंद उद्या म्हणू शकत नाही, की तू आमच्यातला नाहीस, तुझा वाटा निम्मा. आपल्या घरांतून असं बोलणारे असतात, आणि त्यांची तोंडं या एका शब्दाने बंद होतात.

पण कुठलंही लिखाण वाचताना त्यात कोण आहे याच्याबरोबर कोण नाही हेही बघावं लागतं. या वाक्यात मूल आहे, नवे आईबाप आहेत, मालमत्ता आहे. जिने जन्म दिला ती ‘जन्मघर’ या शब्दात मिसळून गेली आहे. ती कुठे सापडते? त्यासाठी मागे कलम 35 कडे जावं लागतं.

तिथे ती बाल कल्याण समितीसमोर उभी आहे. परिस्थितीपुढे हात टेकलेले आईबाप मूल सोपवायला आले, तर समितीने चौकशी करायची, त्यांना समजावून सांगायचं आणि मग सोपवण्याच्या कागदावर सही घ्यायची. सहीनंतर दोन महिने फेरविचाराला. या मुदतीत आई परत आली तर मूल घरी जाऊ शकतं. नाही आली, तर समिती मुलाला दत्तकासाठी ‘कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवते. टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत आधी आईबापांचा शोध घ्यायचा असतो. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर त्याला दोन महिने, मोठं असेल तर चार.

इथे एक बारकावा आहे, तो बायकांनी नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं, सही झाली की नातं संपलं. कायद्याची अक्षरं तसं म्हणत नाहीत. सहीने, आणि त्यानंतरचे दोन महिने उलटल्याने, मूल परत मागण्याचा आईचा हक्क जातो. नातं तुटतं ते पुढे, दत्तकाचा आदेश निघतो तेव्हा. पूर्वी हा आदेश कोर्ट काढायचं, सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी काढतात. या दोन तारखांच्या मधे मूल संस्थेत असतं. आई त्याला हात लावू शकत नाही, आणि दुसरी आई अजून आलेली नसते.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या क्रमाने होते. तिथे दत्तकाच्या आधी कोर्ट पालकत्वच संपवू शकतं. 1982 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की एवढा मोठा घाव घालायचा तर पुरावा स्पष्ट आणि पटणारा हवा. पुढे 1997 च्या कायद्याने असं ठरवलं, की मूल बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी संगोपनात राहिलं, तर काही अपवाद सोडून, पालकत्व संपवण्याचा अर्ज राज्याने करायचा. हेतू असा, की मुलं वर्षानुवर्षं लोंबकळत राहू नयेत. पण पालकत्व संपलं आणि दत्तक घ्यायला कुणी आलंच नाही, अशीही मुलं तिथे निघाली. आई जिवंत, पण कायद्याने आई नाही. त्यांना तिकडे ‘कायद्याने अनाथ’ म्हणतात. टेक्साससारख्या राज्याने म्हणून थोडी फट ठेवली आहे. कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल, तर पालकत्व संपल्यावरही जन्मदात्यांकडून वारसा मिळण्याचा मुलाचा हक्क टिकतो.

दोन्ही कायदे शेजारी ठेवले तर आपला क्रम मला जास्त शहाणा वाटतो. नवा हात हातात आल्याशिवाय जुना सोडवायचा नाही. पण त्या क्रमाचा सगळा भार एका सहीवर आहे. ती सही खोटी असेल तर पुढचं सगळं शहाणपण वाया जातं, आणि हे आपल्याच शहराने बघितलेलं आहे.

1999 मध्ये आणि पुन्हा 2001 मध्ये हैदराबादच्या काही दत्तक संस्थांची प्रकरणं उघडकीला आली. नलगोंडा, महबूबनगरकडच्या लंबाडा तांड्यांवरून मुली आणल्या जात होत्या. तिसरी, चौथी मुलगी झालेली आई, हातात दलालाने ठेवलेले थोडे पैसे आणि कागदावर अंगठा. त्या कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. संस्थांमधली मुलं मग सरकारच्या शिशुविहारात हलवली गेली. गरिबी आहे, मुली जास्त आहेत, अशा कारणांसाठी मूल सोपवायलाच 2001 साली राज्य सरकारने बंदी केली.

यातली खरी बोच ही, की नियम त्याच्या कितीतरी आधी लिहून झाला होता. 1984 साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं होतं, की आईबापांवर दबाव नको, दत्तकाचा अर्थ आणि परिणाम त्यांना समजावून सांगा, आणि निर्णयानंतरही सुमारे तीन महिने फेरविचाराला द्या. निकाल दिल्लीत छापला गेला, तो देवरकोंड्याच्या तांड्यापर्यंत पोचला नाही. तिथे पोचला तो शाईचा पॅड.

अलाबामातले कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड स्मोलिन यांनी 1998 मध्ये आंध्र प्रदेशातून दोन बहिणी दत्तक घेतल्या. मुली घरी आल्यावर त्यांच्या तोंडून कळलं, की त्यांची आई आहे आणि तिने त्यांना कायमचं देऊन टाकलेलं नाही. कागद सगळे ठाकठीक होते. स्मोलिन यांनी नंतर या व्यवहारावर भरपूर लिहिलं. पैसा जसा धुऊन पांढरा करतात, तशी मुलं धुतली जातात, असं त्यांचं म्हणणं. चोरलेलं किंवा फसवून आणलेलं मूल एकदा ‘मुक्त’ ठरलं, की पुढची प्रत्येक पायरी खरी होते. देशाच्या बाहेरचे दत्तक आईबाप प्रामाणिक असले तरी खालचा कागद खोटाच राहतो.

सरकारच्या त्या बंदीबद्दल माझं मत चांगलं नाही. सही करायला मनाई केल्याने चौथी मुलगी पोसायची सोय होत नाही. रेशन, औषध, शाळा यांचं काही न करता फक्त अंगठा उठवायला बंदी करणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून केसपेपर फाडून टाकणं.

हे सगळं तांड्यावरचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणाला वाटत असेल तर आता आपल्या घरात या. आपल्यात दत्तक होतं ते बहुतेक घरातल्या घरात. जेठांना मूल नाही, धाकटीला तिसरं होतंय, मोठी माणसं बसून ठरवतात. अशा दत्तकाला 1956 चा हिंदू दत्तक कायदा लागतो आणि तो जैनांनाही लागू आहे, तसं त्यात लिहिलेलंच आहे. परिणाम तेच. जन्मघराशी संबंध तुटतो, जन्मदात्या आईबापांच्या मागे त्यांचा वारसा मिळत नाही, आणि कलम 15 प्रमाणे रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. नंतर मोठ्या जावेशी बिनसलं म्हणून मूल परत मागता येत नाही.

पण या रस्त्यावर समिती नाही, समजावून सांगणारं कुणी नाही आणि दोन महिनेही नाहीत. 2010 पर्यंत तर बाप हयात असताना मूल देण्याचा अधिकार एकट्या बापाचा होता, आईची फक्त संमती. आता आई किंवा बाप, दुसऱ्याच्या संमतीने. कायदा सुधारला. पण सासू, सासरे आणि जेठ समोर बसलेले असताना बाळंतिणीने दिलेली ‘हो’ ही संमती कशी मोजायची, ते कायद्याला कळत नाही. अनोळखी घरात मूल देणाऱ्या बाईला जेवढं संरक्षण आहे, तेवढंही घरातल्या सुनेला नाही. या कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

आणखी एक वाक्य आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. पती-पत्नींपैकी एकाने संसाराचा पूर्ण आणि कायमचा त्याग केला असेल, तर मूल देताना त्याच्या किंवा तिच्या संमतीची गरज नाही. दोघांनीही केला असेल, तर कोर्टाच्या आधीच्या परवानगीने पालक मूल देऊ शकतो. म्हणजे दीक्षेने पालकत्वाचा हा मोठा हक्क जातो. 2017 साली मध्य प्रदेशातल्या एका तरुण जोडप्याने तीन वर्षांच्या मुलीला मागे ठेवून दीक्षेचा निश्चय केला, तेव्हा देशभर वाद झाला. आपल्यात बरेच जण त्यागाचं कौतुक करण्यात गुंतले होते. त्या मुलीचा कायद्याने पालक कोण, तिच्या नावावर काय, हे विचारणारे बाहेरचे ठरले. त्यागाची अनुमोदना करायच्या आधी हे प्रश्न संघाने स्वतः विचारायला हवेत. अपरिग्रहात मूल ही ‘वस्तू’ धरली जात नाही.

एके काळी आपण या बाबतीत पुढे होतो. 1878 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलं, की सरावगी जैनांच्या रूढीप्रमाणे निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतं, आणि मुलीचा मुलगाही घेता येतो. आपल्याला पिंडदानासाठी मुलगा लागत नाही, त्यामुळे आपलं दत्तक संसारापुरतं होतं. ज्या समाजाने घेणाऱ्या बाईला एवढा अधिकार दिला, त्याने देणाऱ्या बाईकडेही बघायला काय हरकत आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरातल्या घरात दत्तक होत असेल तर लेख रजिस्टर करा, त्यावर देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्याही सह्या घ्या. रजिस्टर लेख असला की कोर्ट दत्तक रीतसर झालं असंच धरून चालतं. पण सही घेण्याआधी त्या आईला चार दिवस माहेरी पाठवा. तिथे तिचं नात्याबाहेरच्या वकीलबाईशी एकटीचं बोलणं होऊ द्या. वारसा जाईल, रद्द करता येणार नाही, हे तिला तिच्या भाषेत कळू द्या. दोन महिने कायद्याने दिले नाहीत तर घराने द्यावेत.

आणि मुलापासून लपवू नका. सरकारच्या दत्तक नियमांतही अठरा वर्षांच्या पुढे आपली मुळं शोधायची सोय ठेवली आहे, जन्मदात्यांची गोपनीयता सांभाळून. म्हणजे संबंध ‘तुटतात’ असं लिहिणाऱ्यांनाही ते पुरते तुटत नाहीत हे ठाऊक आहे. भगवतीसूत्रात पुढे देवानंदा महावीरांच्या दर्शनाला येते. त्यांना बघून तिला पान्हा फुटतो. गौतम विचारतो, हे काय? भगवान सगळ्या सभेसमोर सांगतात, की ही माझी आई आहे, मी हिचा मुलगा. त्यामुळे त्रिशलेचं आईपण कमी झालं, असं आजवर एकाही आचार्यांनी म्हटलेलं नाही.