भुसावळच्या इंजिनचालकांचे आठवणकथन : एक उपेक्षित प्रकार

खानदेशच्या साहित्याचा विचार करताना आपण अभ्यासक तापीकाठ, केळी-कापूस, अहिराणी आणि लेवा गणबोली यांपासून आरंभ करतो. बहिणाबाई चौधरींपासून भालचंद्र नेमाडे यांच्यापर्यंतची परंपरा समोर असल्याने ते स्वाभाविकही आहे. मात्र याच प्रदेशात वाफेच्या इंजिनांवर वाढलेले भुसावळ आहे आणि तेथील निवृत्त इंजिनचालकांच्या आठवणी प्रादेशिक समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या उपेक्षेचे कारण आशयात नसून भाषेत आहे. फायरमन, शंटर, रनिंग रूम, कॉलबॉय, लाइन बॉक्स अशा शब्दांनी भरलेली, हिंदीत सहज शिरणारी ही मराठी ना धड अहिराणी असते, ना प्रमाण. निर्भेळ बोलीच्या शोधात निघालेला अभ्यासक तिला भेसळ म्हणून बाजूस सारतो. (एम.फिल.च्या काळात मीही तेच केले.)

वाफेच्या काळातील चालक क्लीनर, फायरमन, शंटर, मालगाडी, पॅसेंजर, मेल अशा पायऱ्या चढत असे. त्याच्या कथनाची रचनाही तशीच असते. लग्न आणि मुलांचे जन्मसुद्धा बढतीच्या वर्षांना बांधलेले असतात. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गाचे विद्युतीकरण झाले. कोळसा कोठे, किती पसरावा, पाण्याच्या काचेवर नजर कशी ठेवावी, आवाजावरून इंजिनाचे दुखणे कसे ओळखावे, हे वर्षानुवर्षांच्या उष्णतेत कमावलेले ज्ञान विजेच्या इंजिनावर निरुपयोगी ठरले. अंगमेहनत कमी झाल्याचे समाधान आणि कसब गेल्याची हळहळ एकाच वाक्यात येतात, तेथे हे कथन वाङ्मयीन मोलाला पोहोचते.

निरोप समारंभातील भाषणे मात्र सावधपणे वाचावी लागतात. तेथे वेग, वक्तशीरपणा आणि साहेबांची शाबासकी असते. कामाचे तास नसतात. वस्तुतः ऑगस्ट १९७३ मधील लोको कर्मचाऱ्यांच्या संपाचा गाभा दहा तासांच्या ड्युटीची मागणी हाच होता. त्यानंतर ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप सुमारे तीन आठवड्यांत अटक व बडतर्फीच्या बळावर मोडला गेला. समारंभात गाळलेले हे प्रकरण घरात सांगितले जाते, आणि ते बहुधा पत्नी सांगते. मध्यरात्री दार ठोठावणारा कॉलबॉय, दिवसा झोपलेल्या माणसासाठी गप्प बसवलेली मुले, रुळावर आलेल्या अनोळखी माणसाविषयीचे मौन हे तिच्याच कथनात सापडते. म्हणून चालकाचे आत्मकथन एकट्याचे मानणे ही समीक्षेची चूक ठरेल.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. खंडवा, बडनेरा, इगतपुरीकडे मेल नेणाऱ्याला श्रोते मिळतात. चाळीसगाव-धुळे शाखेवर, किंवा २०२० मध्ये थांबलेल्या पाचोरा-जामनेर अरुंदमापी गाडीवर आयुष्य काढलेल्याला कोणी विचारत नाही. त्याच्याकडे वेगाची बढाई नसते. प्रत्येक स्थानकावरची माणसे मात्र त्याला नावानिशी आठवतात.