अतिदक्षता परिचर्येचे प्रशिक्षण आणि आभासी वास्तव : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अतिदक्षता विभागात परिचारिकेच्या निर्णयातील क्षणाचा विलंबही रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. अशा ठिकाणी नवशिक्या परिचारिकेने प्रत्यक्ष रुग्णावरच शिकावे काय, हा प्रश्न मूलतः नैतिक आहे. १९६० मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लेरडाल यांनी 'रेसुसी ॲन' हा सरावाचा पुतळा तयार करून त्यास एक प्रभावी उत्तर दिले. आभासी वास्तव हे त्याच परंपरेतील पुढचे पाऊल होय. प्रस्तुत लेखात या तंत्राच्या सामर्थ्याची व त्याविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांची चिकित्सा केली आहे.

सामर्थ्य :
हेडसेट परिधान केलेल्या प्रशिक्षणार्थीस मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्यूजन पंप यांसह संपूर्ण कक्ष दिसतो. रक्तदाब ढासळणे, ऑक्सिजनचे प्रमाण घटणे, एकाच वेळी अनेक अलार्म वाजणे असे प्रसंग हवे तितक्या वेळा उभे करता येतात. चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. निरीक्षण, प्राधान्यक्रम व निर्णय यांच्या सरावासाठी हे माध्यम निःसंशय उपयुक्त आहे.

दाव्याची चिकित्सा :
तथापि उपयुक्तता आणि पर्याय होण्याची पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनुकरणाधिष्ठित प्रशिक्षणाच्या समर्थनार्थ अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास वारंवार पुढे केला जातो. प्रत्यक्ष रुग्णसेवेतील प्रशिक्षणाचे ५० टक्क्यांपर्यंत तास दर्जेदार अनुकरणाने भरून काढता येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु तो पदवीपूर्व विद्यार्थ्यांविषयी होता, अतिदक्षता परिचारिकांविषयी नव्हे. त्यातील अनुकरण प्रामुख्याने पुतळे, रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्ती इत्यादींवर आधारलेले होते. सामान्य ग्राहकांसाठीचे आधुनिक हेडसेट बाजारात रुळू लागले ते २०१६ पासून. शिवाय प्रशिक्षित अध्यापक आणि प्रसंगानंतरची पद्धतशीर चर्चा हा त्या प्रयोगाचा कणा होता. तेव्हा त्याच निष्कर्षाच्या बळावर हेडसेट खरेदी करून रुग्णशय्येजवळील तास कमी करणे तर्कदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

स्पर्श आणि संवाद :
परिचर्या ही हातांची विद्या आहे. छातीवरील दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ व्यक्तीत किमान ५ सेंटीमीटर खोल द्यावा लागतो. ती खोली केवळ दृश्यातून उमगत नाही. थंड पडलेली त्वचा, क्षीण नाडी, नळीतून कफ ओढताना जाणवणारा अडथळा यांचे ज्ञान बोटांनाच होते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडताना प्रत्यक्ष परिस्थितीतील अनुभवास मध्यवर्ती स्थान दिले, ते याच अर्थाने महत्त्वाचे आहे.

संवादाचा प्रश्नही गौण नाही. महाराष्ट्रात अतिदक्षता कक्षाच्या दाराशी उभा असलेला नातेवाईक अहिराणीत किंवा वऱ्हाडीत विचारणा करतो. इंग्रजीत बेतलेल्या ठरीव संवादातून त्याला धीर देण्याची तयारी होत नाही.

निष्कर्ष :
आभासी वास्तव हे रुग्णशय्येकडे जाण्यापूर्वीची पायरी म्हणून स्वीकारार्ह आहे, रुग्णशय्येचा पर्याय म्हणून नव्हे. पुतळ्यावरील सराव, अनुभवी परिचारिकेचे मार्गदर्शन व सरावानंतरची चर्चा यांची जोड त्यास अनिवार्य आहे. मूल्यमापनही प्रशिक्षणार्थीच्या समाधानावर न थांबता तिच्या प्रत्यक्ष सेवेतील वर्तनापर्यंत व रुग्णाच्या हितापर्यंत पोहोचले पाहिजे. अन्यथा यंत्रावर खर्च होईल, प्रशिक्षकांची उणीव मात्र तशीच राहील आणि तिची किंमत अखेरीस रुग्णालाच मोजावी लागेल.