अलक्ष्मी बाहेर, म्हणजे नेमकी कुठे?

दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनावर टीका करायची म्हटली की दोन ठरलेले आक्षेप पुढे येतात. एक, ही पैशाची पूजा आहे. दुसरा, हे सगळं थोतांड आहे. आज आपण दोन्ही बाजूला ठेवू आणि त्या पूजेतल्या एकाच वस्तूकडे पाहू. ती म्हणजे केरसुणी.

आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी आपण काय मांडतो? देवीची तसबीर, नाणी, दागिने, व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या वह्या, लाह्या-बत्तासे, धने-गूळ. आणि शेजारी नवी केरसुणी, हळदकुंकू लावलेली. बाजारात तर तिला नुसतं ‘लक्ष्मी’च म्हणतात. तिला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आता संपत्तीच्या देवतेशेजारी केर काढायचं साधन कशासाठी?

उत्तर परंपरेतच आहे. लक्ष्मीला एक थोरली बहीण आहे, ज्येष्ठा किंवा अलक्ष्मी. श्रीसूक्तात तिचा नाश व्हावा अशी प्रार्थना आहे आणि भूक, तहान, मळ ही तिची लक्षणं सांगितली आहेत. याच अमावास्येच्या मध्यरात्री सूप वाजवून तिला घराबाहेर काढण्याचा विधी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहे. त्याच सूक्तातली श्री सोन्याची आहे, तशी शेणाचीही आहे. कर्दम, म्हणजे चिखल, हा तिचा पुत्र. म्हणजे ही देवता तिजोरीत राहण्याआधी शेतात आणि गोठ्यात राहत होती. भूक आणि मळ हटणं म्हणजे समृद्धी! तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, पण समृद्धीचा इतका जमिनीवरचा विचार ग्रंथांत थोड्याच ठिकाणी भेटला.

इथवर आपण परंपरेच्या बाजूने आहोत. अडचण पुढे आहे. अलक्ष्मीला बाहेर काढायचं, ठीक. पण बाहेर म्हणजे कुठे?

गावगाड्यात शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणं हे मातंगांचं काम होतं, आणि त्यांची वस्ती गावकुसाबाहेर. केरसुणी तिथून आली, घरात शिरली, कुंकू लावून घेऊन बसली. ती बांधणारे हात मात्र उंबऱ्याबाहेर थांबले. आणि घरातला केर, मळ, मेलेलं ढोर हे सगळं गेलं कुठे? त्याच दिशेला. विधीत जी अलक्ष्मी देवता होती, ती व्यवहारात आपण माणसांच्या वाट्याला दिली.

कुणी म्हणेल, साधनाची पूजा करून आपण श्रमाला प्रतिष्ठाच दिली ना? आम्हीही पुष्कळ वर्षं असंच म्हणत होतो. वर्गात कांट शिकवायचो. माणसाला केवळ साधन मानू नये, हे मुलांना घोळून घोळून सांगायचो. आणि त्याच काळात आमच्या स्वयंपाकघरात, झाडलोट करायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा होता. खिडकीत, उपडा घातलेला. लक्ष्मीपूजनाला केरसुणी पाटावर आणि कप खिडकीत, यात आम्हाला काही विसंगत दिसलं नाही. ही चूक आमची आहे, म्हणून बोलायचा अधिकार घेतो. साधनाला नमस्कार केला की हातांचं देणं फिटलं, असं मनाला वाटतं. प्रतीकाचा धोका हाच.

हा प्रश्न जुना झालेला नाही. हाताने मैला साफ करवून घ्यायला बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये पुन्हा, अधिक कडक करावा लागला. तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतातच.

मग पूजा सोडावी का? आम्हाला तसं वाटत नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो पूजायला नव्हे, झाडायला. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं. केरसुणीचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा नीट कळला होता.

तेव्हा यंदा केरसुणीला कुंकू जरूर लावावं. पण त्याआधी आपल्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे का, तिला पगार किती मिळतो, आजारी पडली तर रजा मिळते का, एवढं स्वतःला विचारावं. उत्तरं देता आली नाहीत, तर अलक्ष्मी अजून घरातच आहे असं समजावं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.